सातारा-सांगलीतून भारतीय नागरिकत्वाचा अर्ज: परीक्षा नाही, पण दिवसांचा हिशेब चोख हवा

अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घ्यायचं तर त्या देशाबद्दलच्या प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे आपल्याकडे लग्न करून आलेली परदेशी सून किंवा पाचगणीत बरीच वर्षं शिकवणारे परदेशी शिक्षक पहिल्यांदा विचारतात ते हेच, की भारताची परीक्षा कधी असते आणि अभ्यासाचं पुस्तक कोणतं. भारतात अशी लेखी परीक्षाच नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ आणि २००९ चे नागरिकत्व नियम यांखाली बघितलं जातं ते असं: अर्ज कोणत्या कलमाखाली आहे, कायदेशीर मुक्काम किती दिवसांचा आहे आणि कागद एकमेकांशी जुळतात का. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा दिवसांच्या मोजणीत आणि नावाच्या घोळात. म्हणून फॉर्म उघडण्याआधी या दोन गोष्टींवर वेळ घालवा.

आधी कलम ठरवा

भारतीय नागरिकाशी लग्न झालं असेल तर कलम ५(१)(ग), म्हणजे गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवरचा फॉर्म ३. मूळ भारतीय वंशाची व्यक्ती सात वर्षं इथं राहत असेल तर फॉर्म २. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळून पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहणं झालं असेल तर फॉर्म ७. यांपैकी काहीच लागू नसेल, म्हणजे लग्नही नाही आणि भारतीय वंशही नाही, तर कलम ६ चा देशीयकरणाचा, म्हणजे दीर्घ मुक्कामावरून नागरिकत्व मिळण्याचा मार्ग, फॉर्म ८.

ज्या सुनेला दरवर्षी माहेरी जावंच लागतं तिच्यासाठी फॉर्म ७ चा रस्ता बऱ्याचदा सोपा पडतो. लग्नाची नोंदणी होऊन संसाराला दोन वर्षं पूर्ण झाली की परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. मात्र पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व स्वतःला, आई-वडिलांना, आजी-आजोबांना किंवा पणजी-पणजोबांना कधी होतं, तर हे कार्ड मिळत नाही. एक लक्षात असू द्या, ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही आणि निवडणूकही लढवता येत नाही.

पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांसाठी २०१९ च्या दुरुस्तीचा वेगळा मार्ग आहे. त्याची छाननी टपाल खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती करते, तिथं खालची प्रक्रिया लागू होत नाही.

दिवस कसे मोजायचे

फॉर्म ३ साठी "सात वर्षं" असं सगळे सांगतात, पण सलग सात वर्षं असा त्याचा अर्थ नाही. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने पूर्ण भारतात हवेत. त्या बारा महिन्यांच्या मागच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं भारतात हवीत.

समजा अर्ज १ जुलै २०२५ ला करायचा आहे. मग १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५ हा काळ अखंड लागेल आणि १ जुलै २०१६ ते ३० जून २०२४ या आठ वर्षांत सहा वर्षांचा मुक्काम दाखवावा लागेल. दर उन्हाळ्यात दोन महिने माहेरी गेलेल्या सुनेचे आठ वर्षांत सोळा महिने वजा होतात, उरतात सहा वर्षं आठ महिने. म्हणजे जुन्या काळाचा हिशेब बसतो. पण तीच दोन महिन्यांची फेरी शेवटच्या बारा महिन्यांत झाली तर अर्ज तिथंच थांबतो. केंद्र सरकार विशेष कारण असेल तर या बारा महिन्यांत एकूण तीस दिवसांपर्यंतची सूट देऊ शकतं. २०१५ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. पण ती मागून मिळते, आपोआप लागू होत नाही. आजारपण किंवा घरातला मृत्यू यासारखं कारण असेल तर त्याचा पुरावा जोडा.

फॉर्म ८ ला अट कडक आहे: लगेच आधीचे बारा महिने अखंड आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षं.

वहीत तक्ता करा: गेल्याची तारीख, आल्याची तारीख, पासपोर्ट क्रमांक, किती दिवस बाहेर. प्रत्येक ओळीसमोर शिक्क्याची छायाप्रत. जुने, संपलेले पासपोर्ट इथं सोन्याच्या मोलाचे आहेत, ते टाकून देऊ नका आणि वकिलातीत नूतनीकरणाला देताना सगळ्या पानांच्या प्रती काढून घ्या. व्हिसा किंवा निवासी परवाना मध्ये महिनाभर जरी संपलेला निघाला तरी प्रश्न गंभीर होतो. मुदत उलटूनही राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत अवैध स्थलांतरित ठरू शकते, आणि अशा व्यक्तीला ना नोंदणीने (फॉर्म २, ३, ७) नागरिकत्व मिळतं ना देशीयकरणाने (फॉर्म ८). म्हणून परकीय नागरिकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर मुदत संपण्याआधीच वाढ मागा. जिल्ह्यात परकीय नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात असते. पत्ता बदलला तर तिथंही कळवा.

नेपाळी नागरिकाला भारतात राहायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्याच्याकडे परवान्यांची मालिका नसते. त्याने भाडेकरार, मुलांच्या शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक, नोकरीची पत्रं असे वर्षवार कागद जमवावेत.

अर्ज कुठं करायचा

जिथं प्रत्यक्ष राहता त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. हे मुद्दाम सांगायचं कारण आपला गलाईवाला समाज. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागांतली कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. घर, शेती, रेशनकार्ड गावाकडे आणि संसार दुसऱ्या राज्यात. अशा कुटुंबातल्या परदेशी सुनेने विट्याचा पत्ता टाकून सांगलीला अर्ज केला, तर पोलीस चौकशीत "येथे राहत नाही" असा शेरा येतो. मग पुढचं सगळं खोळंबतं. गावचा पत्ता कायमचा म्हणून लिहा, अर्ज मात्र राहत्या जिल्ह्यातच करा.

अर्ज गृह मंत्रालयाच्या "इंडियन सिटिझनशिप ऑनलाइन" पोर्टलवर भरायचा. फोटो आणि कागद अपलोड झाल्यावर मिळणारा फाइल क्रमांक जपून ठेवा. भरलेल्या अर्जाची छापील प्रत, शुल्क भरल्याचा पुरावा आणि मूळ कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत जायचं. तिथून चौकशी पोलिसांकडे, अहवालासह प्रकरण राज्य शासनाकडे आणि शेवटी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातं. निर्णय दिल्लीत होतो, जिल्ह्यात नाही.

कागद आणि नावाचा घोळ

फॉर्म ३ साठी चालू परदेशी पासपोर्ट, चालू निवासी परवाना, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि जोडीदार भारतीय असल्याचा पुरावा म्हणून त्याचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला लागतो. मंगल कार्यालयाची पावती, लग्नपत्रिका, फोटो यांवर भागत नाही. विवाहाची नोंद ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत राहून गेली असेल तर आधी ती करून घ्या.

फॉर्म ८ ला याशिवाय अर्जदाराचं एक आणि त्याच्या चारित्र्याविषयी दोन भारतीय नागरिकांची अशी प्रतिज्ञापत्रं लागतात. नागरिकत्वासाठी अर्ज करत असल्याची जाहिरात जिल्ह्यात खपणाऱ्या वृत्तपत्रांत देऊन दोन कात्रणं जोडावी लागतात. कात्रणं वेगवेगळ्या तारखांची किंवा वेगवेगळ्या वृत्तपत्रांची हवीत. कापताना वृत्तपत्राचं नाव आणि तारीख शाबूत ठेवा.

भाषेचं प्रमाणपत्रही फॉर्म ८ लाच लागतं, लग्नाच्या मार्गाला नाही. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एक पुरेशी यायला हवी. मराठी, हिंदी, नेपाळी त्यात आहेत. इंग्रजी नाही. इंग्रजी माध्यमात शिकवण्यातच वर्षं गेलेल्या शिक्षकांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

नावाचा घोळ आपल्या पद्धतीमुळे होतो. लग्नात नाव बदलतं, मधे नवऱ्याचं नाव, शेवटी सासरचं आडनाव. विवाह प्रमाणपत्र, आधार, बँक सगळीकडे हे नवं नाव, आणि पासपोर्टवर जुनंच. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. दुसरं नाव जिथं विचारलं असेल तिथं द्या आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. लग्न व्हायचं असेल तर विवाह नोंदणीतच पासपोर्टवरचं नाव घालून घ्या, पुढचा त्रास वाचतो.

मतदार यादीत नाव घालू नका

सर्वांत धोक्याची चूक ही. घरी मतदार यादीचं काम घेऊन कोणी येतं, सासू-सासरे कौतुकाने सुनेचं नाव सांगतात, मतदार नोंदणीचा नमुना ६ भरला जातो. त्या अर्जात भारतीय नागरिक असल्याची घोषणा असते. खोटी घोषणा हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. नाव लागलं असेल तर लपवू नका, लगेच नमुना ७ भरून कमी करून घ्या. नागरिकत्वाच्या अर्जातच खोटी माहिती दिली तर नागरिकत्व अधिनियमाच्या कलम १७ खाली पाच वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आधार कार्ड असण्यात मात्र गैर काही नाही. ते नागरिकत्वाचा पुरावाही नाही.

मुलांचं काय

३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल, आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असेल आणि दुसरं जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसेल, तर जन्मतःच भारतीय आहे. त्याच्यासाठी वेगळा अर्ज नको, पण आईचा त्या दिवशी चालू असलेला व्हिसा जपून ठेवा. मूल परदेशात जन्मलं तर एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात नोंद करा.

चौकशीला जाताना

परीक्षा नसली तरी अधिकारी साधे प्रश्न विचारू शकतात, आणि पुढे ज्या संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यायची ते माहीत असावं. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं गेलं आणि २६ जानेवारी १९५० ला अमलात आलं. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले होते. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. समानतेचा आणि जीविताचा हक्क परदेशी व्यक्तीलाही आहे. भाषण, संघटना, भारतात कुठंही वास्तव्य हे अनुच्छेद १९ मधले हक्क फक्त नागरिकांचे. मूलभूत कर्तव्यं ११, अनुच्छेद ५१-क मध्ये. गावपातळीवर ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. सातारा जिल्ह्यात तालुके ११, सांगलीत १०.

स्वीकृतीचं पत्र आल्यावर

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, पण मूळ देशाचं नागरिकत्व आधीच सोडू नका. मंत्रालयाने अर्ज स्वीकारल्याचं पत्र येतं, त्यात त्यागाचा दाखला मागितलेला असतो. त्या पत्रानंतरच वकिलातीत अर्ज करा. घाई केली आणि इकडे काही त्रुटी निघाली तर माणूस कोणत्याच देशाचा राहत नाही. मूळ देशाच्या वकिलातीला किती काळ लागतो याची चौकशी मात्र आधी करून ठेवा. त्यागाचा दाखला, शपथ आणि उरलेलं शुल्क पोचलं की प्रमाणपत्र मिळतं. त्यावरचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ तिथल्या तिथं वाचून घ्या आणि अक्षर जरी चुकलं असेल तरी लगेच लेखी कळवा, कारण पासपोर्ट त्यावरूनच निघतो. नंतर पोलीस अधीक्षक कार्यालयातली परकीय नागरिक म्हणून असलेली नोंद बंद करून घ्या, आणि मग नमुना ६ भरा.