वॉशिंग्टनची कवळी लाकडाची नव्हती

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन लाकडी दात लावत, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खोटी आहे. त्यांच्या एकाही कवळीत लाकूड सापडलेले नाही.

दातांचे दुखणे मात्र खरे. 1789 मध्ये त्यांनी पदाची शपथ घेतली तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी त्यांना पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेल्या कवळ्या करून दिल्या. इतर कवळ्यांत शिसे, माणसांचे आणि जनावरांचे दातही होते. वर-खालचे भाग स्प्रिंगने जोडलेले, त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाच जोर लागे! सुळ्यांचा हा हस्तिदंत कालांतराने डागाळतो, त्यावर बारीक रेघा दिसू लागतात. लाकडाचा समज बहुधा तिथूनच निघाला.

या भाबड्या गोष्टीआड दडते ती माउंट व्हर्नन या वॉशिंग्टनच्या मळ्यावरच्या जमाखर्चाच्या वहीतली 1784 ची नोंद: नऊ दातांसाठी ‘निग्रोंना’, म्हणजे बहुधा मळ्यावरच्या कृष्णवर्णीय गुलामांना, 122 शिलिंग दिले. म्हणजे दाताला जेमतेम साडेतेरा शिलिंग. नोंदीत ल मायेर या फ्रेंच दंतवैद्याचे नाव आहे, तो वॉशिंग्टनवर उपचार करत असे. हे दात कोणाच्या तोंडात बसवले, ते वहीत लिहिलेले नाही. पैसे दिले म्हणून याला राजीखुशीचा व्यवहार म्हणणे मला पटत नाही. मालकाला नाही म्हणण्याची सोय गुलामाला कुठे होती?