मत द्यायला पैसे: कायदा कुठून आला आणि कुठे अडतो

मुंबईत मतदानाचा दिवस जवळ आला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. हॉटेलं आणि दुकानं 'बोटावरची शाई दाखवा, बिलात सूट मिळवा' असे फलक लावतात. त्याच आठवड्यात वस्त्यांमधून रात्री उशिरा पाकिटं फिरतात, ज्याला सगळे 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात. सवलतीचं कौतुक होतं, पाकिटांवर भरारी पथकाची धाड पडते. कायद्यात मात्र या दोन गोष्टींमधलं अंतर आपल्याला वाटतं तेवढं मोठं नाही.

या कायद्याचं मूळ १९२० सालात आहे. ब्रिटिश सरकारच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे मतदार वाढले होते आणि वर्षअखेरीस प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका व्हायच्या होत्या. तेव्हा भारतीय दंड संहितेत निवडणूक गुन्ह्यांचं नवं प्रकरण, ९-अ, घालण्यात आलं. इंग्लंडमध्ये मतदारांना उमेदवाराच्या खर्चाने खाऊपिऊ घालण्याची जुनी चाल होती. तिला आवर घालायला तिथे १८५४ आणि १८८३ मध्ये कायदे झाले होते. तोच अनुभव इथल्या कलमांत उतरला. म्हणूनच आपल्याकडे मतदाराला अन्न, पेय, करमणूक पुरवणं हा लाचेचाच एक प्रकार ठरतो, फक्त त्याला शिक्षा दंडापुरती आहे. रोख किंवा इतर लाभ दिला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

त्या प्रकरणातलं कलम १७१-ब नीट वाचावं असं आहे. 'निवडणूक हक्क' बजावण्यासाठी कोणी कोणाला लाभ दिला तर ती लाच, असं ते म्हणतं. निवडणूक हक्कात मत देणं आणि न देणं दोन्ही येतं. 'अमक्यालाच मत द्या' ही अट त्यात कुठेही नाही. म्हणजे 'कोणालाही द्या, पण मत द्या आणि हे पाचशे घ्या' म्हणणाराही या शब्दांत सापडतो. आणि 'घरीच थांबा, मतदार कार्ड आमच्याकडे ठेवा' म्हणणाराही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये आहे, शिक्षा कलम १७३ मध्ये. 'निवडणूक' या शब्दात नगरपालिका-महापालिकाही येतात, त्यामुळे प्रभागातल्या निवडणुकीलाही ती लागू आहे. सरकारी धोरणाची घोषणा किंवा सार्वजनिक कामाचं आश्वासन मात्र यातून वगळलेलं आहे. जाहीरनाम्यातली आश्वासनं हा भ्रष्टाचार ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सांगितलं, ते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ बद्दल.

हे कलम १२३ वेगळ्या कामाचं आहे. तिथे उमेदवार, त्याचा एजंट किंवा त्यांच्या संमतीने वागणारा माणूसच पकडता येतो, पण सिद्ध झालं तर निवडच रद्द होते. याच कलमात मतदारांना केंद्रापर्यंत फुकट गाडी पुरवणंही येतं. सोसायटीच्या गेटवर उमेदवाराने उभ्या केलेल्या रिक्षा म्हणूनच जोखमीच्या असतात. मतदार स्वतःच्या खर्चाने बेस्टने किंवा लोकलने गेला तर प्रश्नच नाही.

आता शाईवरची सूट. दुकानदाराला उमेदवाराची संमती नसते, म्हणून कलम १२३ लागत नाही. न्याय संहितेचं कलम मात्र 'जो कोणी' असं म्हणतं. मत दिल्याबद्दल फुकट कॉफी हे अक्षरशः वाचलं तर बक्षीसच आहे. दुकानदाराचा हेतू गिऱ्हाईक वाढवण्याचा आहे, हा बचाव आहेच आणि तो खोटा नाही. एप्रिल २०२४ मध्ये बेंगळुरूच्या हॉटेलवाल्यांना मतदारांसाठी मोफत किंवा सवलतीत खाणं द्यायला कर्नाटक उच्च न्यायालयाने परवानगी दिली. मुंबईतही त्या वर्षी अशा सवलतींचं स्वागतच झालं. अमेरिकेत उलट आहे: संघीय निवडणुकीत मत देण्याबद्दल पैसे देणं तिथे सरळ गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. २००८ मध्ये स्टारबक्सने मतदारांना फुकट कॉफी जाहीर केली आणि कायद्याचा प्रश्न येताच ती मागेल त्याला द्यायची ठरवली. आपल्या दुकानदारांनाही हाच सुरक्षित मार्ग आहे: त्या दिवशी सूट सगळ्यांना द्यावी, बोट बघू नये.

सरकारनेच बक्षीस दिलं तर? अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सभेला येणाऱ्या नागरिकाला आधी एक ओबोल (तिथलं छोटं नाणं), मग दोन, मग तीन मिळू लागले. कोलंबियात १९९७ च्या कायद्याने मत देणाऱ्याला अर्धा दिवस सुट्टी आणि सरकारी विद्यापीठाच्या शुल्कात दहा टक्के सूट मिळते. ॲरिझोनात २००६ मध्ये मतदारांसाठी दहा लाख डॉलरच्या सोडतीचा प्रस्ताव आला, तो मतदारांनीच फेटाळला. सरकारने कायदा करून सगळ्यांना सारखं देणं आणि एका गटाने निवडक वस्तीत देणं यांत मूलभूत फरक आहे. पैसा कोणत्या इमारतीत, कोणत्या चाळीत वाटायचा हे ठरवणाराच निकालाची दिशा ठरवतो, मग तो पक्षाचं नाव घेवो वा न घेवो. 'आम्ही फक्त मतदान वाढवतोय' हे म्हणणं मला त्यामुळेच पटत नाही.

प्रत्यक्षात पाकीट कसं चालतं? मतदार यादीतून इमारतनिहाय नावं काढली जातात, घरातली मतं मोजली जातात, ओळखीच्या माणसामार्फत पैसे पोचतात. गुप्त मतदानामुळे देणाऱ्याला खात्री कधीच मिळत नाही. शाईने एवढंच कळतं की माणूस केंद्रावर गेला. म्हणून मग सोसायटीला एकगठ्ठा लाभ दिला जातो: रंगकाम, पेव्हर ब्लॉक, सीसीटीव्ही, पाण्याची टाकी. तो बूथच्या आकड्यांवर ताडून बघता येतो. तोही लाभच आहे, मतासाठी दिला तर लाचच.

कारवाई अडते ती इथे. घेणाराही तितकाच गुन्हेगार असल्याने तक्रार करायला कोणी पुढे येत नाही. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहिली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना तपास पुढे सरकत नाही. लोकसभा-विधानसभेची निवड आव्हानात आणायची तर निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. मुंबई महापालिकेसाठी मुदत फक्त १० दिवसांची, लघुवाद न्यायालयात. पैसे दिल्याचा पुरावा तेवढ्यात जमत नाही. सामान्य माणसाला सर्वात सोयीचं म्हणजे निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवरूनच फोटो किंवा व्हिडिओ टाकणं, तक्रार १०० मिनिटांत निकाली काढण्याची त्यात व्यवस्था आहे. जागेवर टिपला नाही तर पुरावा नंतर गोळा होत नाही. आणि दोषी ठरलेल्याचा मताधिकारही सहा वर्षं जातो, हे पाकीट घेणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

मुंबईत मतदान कमी असण्याचं कारण पैशाशी निगडित आहे, पण बक्षिसाशी नाही. विरारहून चर्चगेटला कामाला येणाऱ्याला, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला, घरकाम करणाऱ्या बाईला मतासाठी दिवस मोडावा लागतो. खाडा भरून देणं ही लाच नव्हे. १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलेलं कलम १३५-ब नेमकं हेच सांगतं: कामगाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल तेवढाच अपवाद. मुंबईत मतदान वाढवायला पैसा घालायचाच असेल तर तो इथे घातला पाहिजे, आणि मालकाकडून वसूल झाला पाहिजे. ठेकेदाराने मजुरी कापली तर या कलमाखाली त्याला होणारा दंड आहे जास्तीत जास्त ५०० रुपये.