शीर सापडली, पण थांबायचं कुठे? मुलांच्या सेंट्रल लाइनमागचा इतिहास

मूल शॉकमध्ये गेलं, म्हणजे त्याचं रक्ताभिसरण ढासळलं, की हातापायांच्या शिरा सगळ्यात आधी मिटतात. डेंग्यूच्या दिवसांत सोलापुरात हे वारंवार दिसतं. अक्कलकोट, तुळजापूर, इंडीकडून गाडी येते. मुलाच्या दोन्ही हातांवर कापसाचे बोळे चिकटवलेले असतात आणि आई सांगते, “शीरच घावंना म्हणालेत.” अशा वेळी मानेतल्या, कॉलरबोनखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. आम्ही भूलतज्ज्ञ तिला नुसतं सेंट्रल लाइन म्हणतो. या शिरा वरून दिसत नाहीत. सुई कुठे टोचायची आणि नळी किती आत सरकवायची, हे शरीरावरच्या खुणांवरून ठरवायचं असतं.

सुरुवात मोठ्यांपासून झाली. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या कोपरातल्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत घातली आणि तशीच ठेवून एक्स-रे काढायला गेला. नळी हृदयापर्यंत पोचली होती. त्याला नोबेल मिळालं १९५६ साली. दरम्यान १९५२ मध्ये ओबानियाक या फ्रेंच सर्जनने कॉलरबोनखालची शीर नुसत्या सुईने गाठता येते हे दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी स्वीडनच्या सेल्डिंगरने तारेची युक्ती काढली: आधी बारीक सुई, सुईतून तार, सुई काढून तारेवरून नळी. ही युक्ती त्याने धमन्यांच्या तपासणीसाठी काढली होती. आज सेंट्रल लाइनचा जवळजवळ प्रत्येक सेट तिच्यावरच चालतो, आणि मुलांच्या बाबतीत तर मला तिचं मोल सगळ्यात जास्त वाटतं, कारण त्यांच्या शिरेत जाड सुईला जागाच नसते.

सोलापूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झालं, तेव्हा मुलांच्या मानेतून सुईने लाइन घालणं जगात कुठेच रुळलेलं नव्हतं. आधीच्या पिढीच्या हातात होतं ते कटडाउन: घोट्याच्या आतल्या हाडापुढे कातडी कापायची, शीर उघडी करायची आणि नळी बांधायची. मग १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्मोर आणि डड्रिक यांनी एका तान्ह्या मुलीची हकिगत छापली. तिचं आतडं जन्मतःच निकामी होतं. मानेतल्या शिरेतून नळी हृदयाच्या वरच्या महाशिरेत नेऊन तिचं सगळं पोषण तिथूनच दिलं गेलं. वजन वाढलं, डोक्याचा घेरही वाढला. बाळाच्या मोठ्या शिरेत नळी दिवसेंदिवस टिकते, हे त्या मुलीने दाखवून दिलं. इंटर्नल ज्युग्युलर या मानेतल्या मोठ्या शिरेत मुलांना थेट सुईने लाइन घालण्याचे अनुभव सत्तरच्या दशकात प्रसिद्ध होऊ लागले.

मानेतली खूण हाताने शिकावी लागते. कानामागून उतरणारा स्नायू खाली दोन फाट्यांत विभागतो. ते दोन फाटे आणि कॉलरबोन यांच्यात एक त्रिकोण होतो. त्याच्या टोकापाशी, कॅरोटिड धमनीचा ठोका बोटाखाली ठेवून, बाहेरच्या बाजूने सुई त्याच बाजूच्या स्तनाग्राकडे वळवायची. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. प्रत्यक्षात बाळाचं डोकं मोठं आणि मान आखूड, त्यामुळे त्रिकोण घडीत बुडालेला असतो. म्हणून खांद्याखाली गुंडाळी सरकवायची. आमच्याकडे ती सोलापुरी टॉवेलची असते, चारपदरी घडी घालून घट्ट वळलेली. फार जाड झाली की मान ताणली जाते आणि शीर चपटी होते. पातळ झाली की हनुवटी सुईच्या आड येते. उजवी बाजू आधी, कारण तिथून महाशिरेकडे वाट सरळ जाते, आणि लसिकेची मुख्य नलिका डावीकडे असते, तिला सुई लागायला नको.

खरा प्रश्न पुढचा. नळी वर राहिली तर औषध शिरेबाहेर झिरपू शकतं, खोल गेली तर तिचं टोक हृदयाच्या पातळ भिंतीला टोचत राहतं. भिंत फाटून हृदयाच्या आवरणात रक्त साचलं, तर मूल काही मिनिटांत हातचं जातं. मोठ्या माणसात एक-दीड सेंटिमीटरची चूक खपून जाते. दहा किलोच्या मुलात तेवढ्यानेच नळी उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, शिरते. शिकत असताना माझ्याच हातून एकदा असं झालं. एक्स-रेवर पाहिलं, नळी मागे ओढली, मूल ठीक राहिलं. त्या दिवसापासून आधी मापल्याशिवाय मी नळी सरकवत नाही.

माप कशाने घ्यायचं, यावर २००१ मध्ये अँड्रोपोलस आणि सहकाऱ्यांनी उंचीचं सूत्र दिलं, उजव्या बाजूच्या लाइनसाठी. उंची १०० सेंटिमीटरपर्यंत असेल तर तिचा दहावा भाग उणे १. त्याहून जास्त असेल तर उणे २. म्हणजे ८० सेंटिमीटरच्या मुलाला ७. पण शॉकमधल्या मुलाची उंची नीट कोण मोजतं? शिवाय सुई मानेत वर टोचली की खाली, हे सूत्राला कळत नाही. मला २००९ मध्ये कोरियातल्या भूलतज्ज्ञांनी मांडलेली पद्धत जास्त पटते. सुईच्या जागेपासून उजव्या कॉलरबोनच्या आतल्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं. मग त्या टोकापासून दोन स्तनाग्रांना जोडणाऱ्या रेषेवर लंब टाकायचा आणि त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. या दोहोंची बेरीज हा खोलीचा आधार. रोख असतो श्वासनलिका दुभंगते त्या जागेवर, कारण ती बहुतेकदा हृदयाच्या आवरणाच्या वर असते आणि एक्स-रेत ओळखूही येते. माप त्या मुलाच्याच छातीवर घेतलेलं असतं, उंचीच्या सरासरीवर नाही.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००२ मध्ये मानेतल्या लाइनसाठी, मुलांनाही, अल्ट्रासाउंडची शिफारस केली. आता आमच्याकडेही अल्ट्रासाउंडचा प्रोब लावल्याशिवाय मानेत सुई जात नाही, आणि जाऊही नये: मुलांमध्ये शीर पुष्कळदा धमनीच्या अगदी पुढ्यात असते, बोटाला ते कळत नाही. पण मानेवर धरलेला प्रोब शीर दाखवतो, टोक कुठे थांबलं ते त्यात दिसत नाही. म्हणून ट्रॉलीवर निर्जंतुक कागदी पट्टी ठेवलेली असते. कातडी साफ करण्याआधी मी मार्करने कॉलरबोनच्या टोकाशी एक ठिपका देतो, छातीवर एक, आणि आकडा सिस्टरला मोठ्याने सांगतो. ती तो फळ्यावर लिहिते, मगच सुई उघडतो.