पोटगीचा पैसा कुणाचा? विस्कॉन्सिनच्या एका प्रयोगाची पार्श्वभूमी

अमेरिकेत सरकारी मदतीवर जगणाऱ्या एकट्या आईच्या मुलासाठी बापाच्या पगारातून दरमहा पोटगी कापली जाते. पण ती मुलाच्या हाती पडतेच असं नाही. बऱ्याच राज्यांत सरकार ती आईला दिलेल्या मदतीपोटी वळती करून घेतं. बापाला वाटतं आपण मुलासाठी भरतोय. मूल मात्र आहे तिथेच असतं, आणि भरते ती सरकारची तिजोरी. हा घोळ कुठून आला आणि विस्कॉन्सिन या अमेरिकी राज्यात संशोधकांनी त्याची परीक्षा कशी घेतली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात निराधार मुलांच्या मदतीची तरतूद झाली, तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः विधवा होत्या. बाप वारलेला, त्यामुळे वसुलीचा प्रश्नच नव्हता. साठच्या दशकापर्यंत चित्र पालटलं. मदत घेणाऱ्या बहुतेक घरांतले बाप हयात होते. कुणी घटस्फोट घेतलेला, कुणी लग्नच न केलेला, कुणी सरळ निघून गेलेला. खर्च फुगत गेला तसा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, सवाल उठला, की बाप जिवंत असताना करदात्याने का भरावं? लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांनी हा मुद्दा लावून धरला आणि जानेवारी 1975 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने कायदा झाला. प्रत्येक राज्याला पोटगी वसुलीची यंत्रणा उभारावी लागली. मदत हवी असेल तर आईने पोटगीवरचा आपला हक्क राज्याच्या नावे करून द्यायचा आणि बापाचा पत्ता लावायला सहकार्य करायचं, अशी अट आली. म्हणजे नाव मुलाचं असलं तरी योजना जन्माला आली ती वसुलीसाठी. पुढची सगळी गुंतागुंत या एका अटीतून निघाली, असं माझं मत.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या दारिद्र्य संशोधन संस्थेचं नाव इथे येतं. ही संस्था 1966 ची, लिंडन जॉन्सन यांच्या दारिद्र्याविरुद्धच्या मोहिमेतून निघालेली. तिथले अर्थतज्ज्ञ अर्विन गारफिंकल आणि कायद्याच्या प्राध्यापक मार्गो मेली यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या पद्धतीची चिरफाड केली. तेव्हा पोटगी किती, हे ज्याचा त्याचा न्यायाधीश ठरवायचा. डेन्व्हरच्या न्यायालयातल्या निकालांचा एक अभ्यास 1979 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात दिसलं, की दोन तृतीयांश बापांना मुलांसाठी जी रक्कम भरायला सांगितली होती, ती त्यांच्या गाडीच्या मासिक हप्त्याहून कमी होती.

मॅडिसनच्या मंडळींनी सुचवलेला उपाय तीन पायांचा होता. पोटगी बापाच्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्याने आकारायची: एका मुलाला 17, दोघांना 25, तिघांना 29, चौघांना 31, पाच किंवा अधिक मुलांना 34 टक्के. ती थकण्याची वाट न पाहता पहिल्यापासून पगारातूनच कापायची. आणि बाप कमी पडला तर किमान रकमेची हमी सरकारने घ्यायची. पगारकपात 1984 मध्ये आधी काही मोजक्या काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) करून पाहिली, इतर काउंटींशी ताडून पाहिली आणि मगच राज्यभर नेली. टक्केवारी 1987 पासून बंधनकारक ठरली. 1988 च्या केंद्रीय कायद्याने असे ठरीव दर आणि पगारकपात सगळ्या देशात नेली. तिसरा पाय, सरकारी हमी, विस्कॉन्सिनमध्ये कधीच रोवला गेला नाही. वसुलीचे दोन पाय सगळ्यांना आवडले, खर्चाचा तेवढा नको झाला.

(आपल्याकडे या टक्केवारीच्या तक्त्यासारखं काही नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असं घालून दिलं. रक्कम मात्र अजून न्यायाधीशाच्या विवेकावर आहे.)

आईच्या हाती काय पडत होतं? 1984 च्या कायद्याने वसुलीतले महिन्याचे पहिले 50 डॉलर तिला मिळू लागले, बाकीचे सरकारजमा. त्यामुळे व्हायचं ते झालं. शिकागो, बोस्टन, सॅन अँटोनियो आणि चार्ल्सटन या शहरांत संशोधकांनी 379 गरीब आयांकडून घरखर्चाचा हिशेब समजून घेतला. कित्येकींना बापाकडून गुपचूप पैसे, डायपर, बूट मिळत होते. कचेरीत मात्र त्या बापाचा ठावठिकाणा माहीत नसल्याचं सांगत. सरकारमार्फत मोठी रक्कम भरून 50 डॉलर पोचवण्यापेक्षा हातावर टिकवलेले 100 बरे, हा साधा व्यवहार होता. त्याला लबाडी म्हणवत नाही.

1996 च्या सुधारणेने जुनी मदत योजना मोडीत निघाली आणि 50 डॉलरची सक्तीही गेली. बहुतेक राज्यांनी आईला काहीच न देण्याचा रस्ता धरला. विस्कॉन्सिन उलट्या दिशेने गेलं. सप्टेंबर 1997 मध्ये तिथे डब्ल्यू-टू नावाची, मदतीला कामाची अट घालणारी नवी योजना सुरू झाली. तिच्यात केंद्राची खास परवानगी घेऊन सगळी पोटगी आईला द्यायचं ठरलं. परवानगीची किंमत म्हणजे मूल्यमापन. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी आयांची विभागणी झाली. बहुतेकींना पूर्ण रक्कम, आणि तुलनेसाठीच्या गटाला 50 डॉलर किंवा पोटगीच्या 41 टक्के, यातली मोठी असेल ती. हा 41 चा आकडा विचित्र वाटतो, पण वसुलीत वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारचा वाटा 59 टक्क्यांच्या आसपास होता. राज्याने सोडला तो फक्त आपला वाटा.

मारिया कॅन्शन आणि डॅनियल मेयर यांच्या नेतृत्वाखाली हे काम चाललं. पूर्ण रक्कम मिळणाऱ्या गटात जास्त बापांनी पोटगी भरली आणि पितृत्वाची नोंद लवकर झाली. सरकारला त्याचा भुर्दंड जवळजवळ पडलाच नाही. फरक डोळे दिपवणारा नव्हता, आणि त्याचं एक कारण संशोधकांनाच सापडलं: नियम काय आहे, हे बऱ्याच आईबापांना ठाऊकच नव्हतं. माझ्या मते या मूल्यमापनातली सर्वांत मोलाची नोंद हीच. काही वर्षांनंतर त्याच दोन गटांची नावं बालसंरक्षण खात्याच्या नोंदींशी जुळवून पाहिली, तेव्हा पूर्ण पोटगी मिळालेल्या घरांत मुलांच्या हेळसांडीच्या किंवा छळाच्या, चौकशीला घेतलेल्या तक्रारी साधारण 10 टक्क्यांनी कमी निघाल्या. आईच्या हाती दरमहा थोडे जास्त डॉलर, एवढाच काय तो फरक.

बापांच्या बाजूचं संशोधन इतकं समाधान देत नाही. केंद्रीय कायद्याच्या 1986 च्या दुरुस्तीपासून थकलेली पोटगी मागाहून माफ करायची न्यायालयांना मुभा नाही. विस्कॉन्सिनमध्ये तर बाळंतपणाचा सरकारी खर्चही बापाच्या नावावर चढवण्याची रीत होती. बेकार बापांना तुरुंगाऐवजी काम आणि मार्गदर्शन देण्याचा प्रयोग नव्वदच्या दशकात सात शहरांत झाला. त्यात एक मजेशीर गोष्ट घडली: हजेरीची सक्ती होताच काही बापांनी आपल्याला नोकरी आहे असं कबूल केलं, आणि तेवढ्यानेच वसुली वाढली. सगळ्यांचा मिळून विचार केला तर कमाई फारशी वाढली नाही. पुढे 2012 पासून आठ राज्यांत दहा हजारांहून अधिक पालकांना घेऊन तसाच प्रयोग झाला. बापांचा पोटगी कार्यालयावरचा राग निवळला, मुलांशी संपर्क थोडा वाढला, पण खिसा रिकामा तो रिकामाच.

2005 च्या कायद्याने राज्यांना थोडी सवलत दिली: एका मुलामागे महिन्याला 100 आणि दोन किंवा अधिक मुलांमागे 200 डॉलरपर्यंत रक्कम आईला दिली, तर केंद्र त्यातला आपला वाटा मागत नाही. विस्कॉन्सिनच्या प्रयोगानंतर चालू पोटगीची पूर्ण रक्कम मदत घेणाऱ्या कुटुंबाला देणारं पहिलं राज्य 2017 मध्ये कोलोरॅडो ठरलं. आणि ज्या विस्कॉन्सिनमध्ये हे सारं सिद्ध झालं, तिथे परवानगीची मुदत संपल्यावर आईचा वाटा कमी झाला. नंतर तो 75 टक्क्यांवर आला.