केंद्रकाला फिरवणारे जड आयन

अणूतून काही इलेक्ट्रॉन काढून घेतले किंवा त्यात जास्तीचे घातले, की आयन तयार होतो. हेलियमपेक्षा जड अणूंच्या आयनांना अणुकेंद्रकीय भौतिकीत सर्वसाधारणपणे जड आयन म्हणतात. असा आयन एखाद्या लक्ष्यावर सोडला, की त्याचे केंद्रक आणि लक्ष्यातील अणूचे केंद्रक ही दोन्ही धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात आणि हे प्रतिकर्षण दोन भारांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढत जाते. त्यामुळे जड आयनाला लक्ष्यातील केंद्रकापर्यंत पोहोचवायचे तर त्याला पुष्कळ ऊर्जा द्यावी लागते.

ही ऊर्जा देणारे एक यंत्र मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था यांचा हा पेलेट्रॉन त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. त्याच्या मध्यावरील धन टोकाचा, म्हणजे टर्मिनलचा, विद्युतदाब १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत नेता येईल अशी त्याची रचना आहे आणि गंमत अशी, की हा एकच दाब दोनदा वापरला जातो. ऋणभारित आयन वरून या टोकाकडे खेचला जातो. तेथे कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून जाताना त्याचे अनेक इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि धनभारित झालेला तोच आयन आता टोकापासून खाली ढकलला जातो. दाब १२ दशलक्ष व्होल्ट असेल आणि ऑक्सिजनचा आयन सात एकक धनभार घेऊन बाहेर पडला, तर त्याला आधी १२ व नंतर ८४, म्हणजे एकूण ९६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते (एक एकक भाराला एका व्होल्टच्या दाबातून मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट). निऑन किंवा अरगॉनचे स्थिर ऋण आयन बनत नसल्याने त्यांना मात्र येथे प्रवेश नाही.

नव्या अतिजड मूलद्रव्यांमुळे जड आयनांचा गाजावाजा अधिक झाला. कॅल्शियम-४८ चे (४८ म्हणजे केंद्रकातील प्रोटॉन व न्यूट्रॉनची एकूण संख्या) आयन बर्केलियमवर आदळवून रशियातील दुबना येथे मिळवलेले ११७ वे मूलद्रव्य २०१० मध्ये जाहीर झाले. माझ्या मते मात्र जड आयनांचे अधिक मोलाचे काम वेगळे आहे. जड आयन बहुधा लक्ष्यावर अगदी समोरासमोर न आदळता थोडा बाजूने आदळतो आणि वस्तुमान मोठे असल्यामुळे दोघांच्या विलीनीकरणातून बनलेले केंद्रक गरगर फिरू लागते. हलक्या प्रोटॉनला हे फारसे साधत नाही. असे केंद्रक आधी काही न्यूट्रॉन बाहेर टाकते आणि मग एकामागून एक गॅमा किरण सोडत आपली फिरकी कमी करत जाते.

१९८६ मध्ये इंग्लंडमधील डेअर्सबरी येथे कॅल्शियम-४८ चेच आयन पॅलेडियम-१०८ वर सोडून डिस्प्रोसियम-१५२ बनवण्यात आले. त्याच्या १९ गॅमा रेषा, म्हणजे गॅमा किरणांच्या ठरावीक ऊर्जा, जवळजवळ समान अंतरावर, सुमारे ४७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फरकाने मांडलेल्या आढळल्या. हे अंतर जितके कमी, तितके केंद्रकाचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरकीतील बदलाला होणारा विरोध, जास्त; त्यावरून ते केंद्रक रुंदीच्या सुमारे दुप्पट लांब झाले असल्याचा निष्कर्ष निघाला. केंद्रकाच्या आकाराचे असे वाचन कुलाब्यातही होते: लक्ष्याभोवती रचलेल्या जर्मेनियम शोधकांनी एकाच वेळी टिपलेले गॅमा किरण जुळवून कोणत्या किरणामागून कोणता आला, याची साखळी मांडली जाते.