लहान सफरी शिडनौकांची गतितुलना

शिडाच्या दोन किंवा अधिक लहान नौकांपैकी कोणती नौका किती वाऱ्यात, वाऱ्याशी कोणता कोन धरून, किती वेगाने जाईल हे मोजमापांवरून किंवा प्रत्यक्ष नोंदींवरून ठरवण्याची रीत. लहान सफरी नौका म्हणजे ढोबळमानाने ६ ते ११ मी. लांबीची, आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली आणि दोन-चार माणसांना हाकता येणारी नौका. ही तुलना दोन कारणांसाठी केली जाते. शर्यतीत उतरलेल्या असमान नौकांना न्याय मिळावा हे एक कारण. नौका घेणाऱ्याला तिच्या चालीचा आधी अंदाज यावा हे दुसरे. एका कारणासाठी काढलेला आकडा दुसऱ्यासाठी वापरल्याने या विषयात बराच गोंधळ माजला आहे.

जलरेषेची लांबी व वेगाची मर्यादा : नौका पाणी कापत निघाली की नाळेपाशी लाट उठते आणि नौकेबरोबर चालू लागते. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते. सुकाणूपाशी बसून बाहेर वाकून पाहिले तर हे डोळ्यांनी दिसते : आधी बाजूला दोन-तीन शिखरे असतात, मग दोन उरतात, आणि शेवटी एक शिखर नाळेशी, दुसरे थेट पिछाडीखाली आणि मधे नौकेच्या पोटाशी खोल घळ अशी स्थिती येते. याच्या पुढे वेग वाढवायचा तर पिछाडी खाली बसते आणि नौकेला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. खोल पाण्यातील लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे जलरेषेची, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोजलेली, नौकेची मीटरमधील लांबी घेऊन तिच्या वर्गमूळाला २.४३ ने गुणले की हा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळतो. लांबी फुटांत असेल तर गुणक १.३४.

या नियमाचे श्रेय सामान्यतः विल्यम फ्रूड (१८१०–७९) या इंग्रज अभियंत्याला दिले जाते. मात्र फ्रेंच ग्रंथांत तो रीच-फ्रूड नियम म्हणून येतो. लोरियाँ येथील नौअभियांत्रिकी विद्यालयाशी संबंधित फेर्दिनां रीच यांनी प्रतिकृती व मूळ जहाज यांच्या वेगांचे नाते १८५२ च्या सुमारास मांडले होते. फ्रूडने १८६८ मध्ये आपला तुलनेचा नियम मांडला तेव्हा त्याला हे लेखन ठाऊक नव्हते, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि ते मान्य करण्यास हरकत दिसत नाही. सूत्राचा अग्रक्रम रीचकडे जातो, पण ते पाण्यात उतरवून सिद्ध केले फ्रूडनेच. १८६७ मध्ये त्याने डार्ट नदीत ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ नावाच्या प्रतिकृतींच्या जोड्या ओढून पाहिल्या. त्या ३, ६ व १२ फूट अशा तीन मापांच्या होत्या. एकीचा घाट (आकार) बोथट, दुसरीचा टोकदार. टोकदार घाट नेहमीच सरस ठरेल ही त्या काळची समजूत. निष्कर्ष असा निघाला की, एका वेगाला एक घाट सरस ठरतो आणि दुसऱ्या वेगाला दुसरा. गतितुलनेच्या पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज या निष्कर्षात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यानंतर ब्रिटिश नौदलखात्याच्या मदतीने टॉर्की येथे फ्रूडने चाचणीकुंड उभारले व तेथे १८७२ पासून प्रतिकृतींच्या चाचण्या सुरू झाल्या.

वरील मर्यादेला भिंत समजणे चूक आहे. जड नौकेसाठी ती जवळजवळ भिंतच असते, हलकीसाठी तो चढ असतो. मागून चांगला वारा व लाट मिळाली तर हलकी नौका तो ओलांडून पाण्यावर घसरू लागते. मंद वाऱ्यात तर ही मर्यादा गैरलागूच ठरते. तेव्हा लाटेचा विरोध नगण्य असतो आणि पाण्याशी होणारे घर्षण नौकेला मागे खेचते. म्हणून तळाचा किती भाग भिजलेला आहे आणि त्यावर शेवाळ व बार्नकल (तळाला चिकटून वाढणारे कवचधारी जीव) किती चढले आहेत, यावर निकाल लागतो. एक मोसम न खरवडलेला तळ उत्तम आराखड्याचा सगळा फायदा खाऊन टाकतो.

गुणोत्तरे : दोन नौकांचे उदाहरण : शिडाचे क्षेत्र, वजन व लांबी यांची गुणोत्तरे काढून तुलना करण्याची पद्धत नौका घेणाऱ्यांत सर्वाधिक प्रचलित आहे. तिची ताकद आणि तिचा तोकडेपणा दोन्ही दाखवण्यास फोकबोट आणि जे/२४ ही जोडी फार सोयीची आहे.

फोकबोट १९४२ मध्ये स्वीडनमध्ये प्रथम पाण्यात उतरली. १९४१ च्या स्कँडिनेव्हियन आराखडा-स्पर्धेत कोणालाच निर्विवाद पहिला क्रमांक मिळाला नाही. निवडक आराखड्यांतील गुण एकत्र करून अंतिम रेखाटन टोर्ड सुंडेन यांनी केले. त्यामुळे तिचे जनकत्व एकट्या सुंडेन यांचे की स्पर्धकांचे सामायिक, हा वाद दीर्घकाळ चालला. रेखाटन सुंडेन यांचे आणि कल्पना अनेकांची, असे म्हणणे अधिक सुरक्षित. जे/२४ ही रॉड जॉन्स्टन यांची अमेरिकन नौका. ती १९७७ मध्ये बाजारात आली.

फोकबोटीची जलरेषा ६.०० मी., जे/२४ ची ६.१० मी. शिडाचे क्षेत्रही दोघींचे जवळजवळ सारखे, सुमारे २४ चौ. मी. लाटेच्या हिशेबाने दोघींची मर्यादा ६ नॉटच्या आसपास. फरक आहे तो वजनात. फोकबोट सुमारे १,९३० किग्रॅ., निम्म्याहून अधिक भार लांब कीलमध्ये (तळाखालच्या जड कण्यात). जे/२४ सुमारे १,४०० किग्रॅ., खाली आखूड पंख्यासारखी कील आणि सुकाणू वेगळे. विस्थापित पाण्याच्या घनफळाचा दोन-तृतीयांश घात काढून त्याने शिडाच्या क्षेत्राला भागले असता फोकबोटीचे गुणोत्तर १५.७ येते, जे/२४ चे १९.७; आकडा मोठा तितके वजनाच्या मानाने शीड जास्त. जलरेषेच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा अमेरिकन प्रथेप्रमाणे लाँग टन व फूट घेऊन काढला तर फोकबोटीचा सुमारे २५०, जे/२४ चा सुमारे १७३. कागदावर जे/२४ स्पष्टपणे वेगवान, आणि बंदरातल्या शर्यतीत ती तशी ठरतेही.

आता दोघींवर सफरीचे सामान चढवावे. दोन माणसे, पिण्याचे पाणी, शिधा, नांगर, साखळी मिळून ३०० किग्रॅ. धरले तर जे/२४ चे गुणोत्तर १९.७ वरून १७.३ वर येते, फोकबोटीचे १५.७ वरून १४.३. आघाडी टिकते, पण आकसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट या आकड्यांत येतच नाही. जे/२४ चा शर्यतीतला वेग वाऱ्याकडच्या काठावर ओळीने बसलेल्या, बहुधा पाच माणसांच्या वजनावर अवलंबून असतो. दोघांच्या सफरीत त्यातला एक सुकाणूवर असतो आणि दुसरा खाली झोपलेला. वारा वाढला की जे/२४ चे शीड लवकर कमी करावे लागते. फोकबोटीला तिच्या कीलमधले लोखंड चोवीस तास सरळ धरून ठेवते.

शिडाचे क्षेत्र कसे मोजले, हा प्रश्नही टाळता येत नाही. काही उत्पादक मुख्य शीड आणि डोलकाठीपुढच्या त्रिकोणाचे पूर्ण क्षेत्र धरतात, काही डोलकाठीच्या मागेपर्यंत येणाऱ्या जेनोआ या मोठ्या पुढच्या शिडाचे क्षेत्र धरतात. अशी दोन माहितीपत्रके शेजारी ठेवून काढलेली तुलना निरर्थक ठरते.

वाऱ्याच्या तोंडावर : शिडनौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही; नागमोडी चढत जाते. म्हणून नुसता वेग न पाहता वाऱ्याच्या दिशेने प्रत्यक्ष किती अंतर कापले ते पाहावे लागते. ४५° कोन धरून ५ नॉटने जाणारी नौका ताशी ३.५ सागरी मैल वर चढते. ५०° धरून ५.४ नॉटने जाणारीही तितकीच. दुसरीच्या सुकाणूवाल्याला मात्र आपण पुढे आहोत असे वाटत राहते. त्यात नौका वाऱ्याने बाजूला किती ढकलली जाते ते धरले की चित्र पुन्हा बदलते. उथळ कील असलेल्या सफरी नौका येथेच मार खातात.

शर्यतीचे मापननियम : लंडनच्या रॉयल टेम्स यॉट क्लबने १८५५ मध्ये स्वीकारलेल्या मापनात रुंदीला जबर दंड होता. परिणामी १८७०–८० च्या दशकांत इंग्लंडात फळी उभी धरावी तशा अरुंद व खोल नौका बनल्या. नियम वेग मोजण्यासाठी करावा आणि आराखडाकारांनी नियमालाच अनुसरून नौका बनवावी, हा प्रकार तेव्हापासून वारंवार घडला. १९७० च्या सुमारास आलेल्या आंतरराष्ट्रीय ऑफशोअर नियमातही रुंद पोट व निमुळती पिछाडी यांना उत्तेजन मिळाले.

ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट या इंग्लंडहून निघणाऱ्या सागरी शर्यतीत ३०३ नौका निघाल्या. वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले, ५ नौका बुडाल्या. सर्वांत लहान नौकांच्या वर्गातून एकच नौका शर्यत पुरी करू शकली : कॉन्टेसा ३२ जातीची ‘असेंट’. त्यानंतर वेगाच्या जोडीने उलटण्याचा धोका दाखवणारा आकडाही रूढ झाला. फुटांतील रुंदीला, पौंडातील वजन भागिले ६४ याच्या घनमूळाने भागतात. उत्तर २ पेक्षा कमी हवे. कॉन्टेसा ३२ चे व फोकबोटीचे ते १.८ च्या जवळ येते, जे/२४ चे २.४. हा आकडा चाळणीपुरताच आहे, कारण बॅलास्ट (नौका सरळ ठेवणारे तळाचे वजन) किती खोल आहे हे त्याला कळत नाही.

नियमांच्या या कटकटीतून सुटण्यासाठी दोन वाटा निघाल्या. एक निरीक्षणाची. पोर्टस्मथ यार्डस्टिक ही ब्रिटिश पद्धत दक्षिण इंग्लंडातील लँगस्टन बंदरातून निघाली व १९५० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय पातळीवर आली. तीत शर्यतींच्या निकालांवरून प्रत्येक जातीला अंक मिळतो : लागलेल्या वेळेला १००० ने गुणून अंकाने भागतात, म्हणून ११०० अंकाच्या नौकेने ६६ मिनिटे घेतली तर तिचा दुरुस्त वेळ ६० मिनिटे. अमेरिकेतील पीएचआरएफ (परफॉर्मन्स हँडिकॅप रेसिंग फ्लीट) पद्धत दर सागरी मैलामागे सेकंदांची सूट देते. दोन नौकांत ३० सेकंदांचा फरक असेल तर २० मैलांवर १० मिनिटांची सूट. दुसरी वाट गणिताची. केनेथ डेव्हिडसन यांनी १९३६ मध्ये ‘गिमक्रॅक’ या नौकेच्या समुद्रावरील चाचण्या व कुंडातील प्रतिकृती यांचा मेळ घातला. १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जस्टिन केर्विन प्रभृतींनी वेगभाकिताचा संगणकीय कार्यक्रम तयार केला. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथे खेरिट्स्मा यांच्या नेतृत्वाखाली प्रतिकृतींची मोठी मालिका तपासली गेली. अशा कार्यक्रमातून प्रत्येक वाऱ्यासाठी वेगाचे ध्रुवीय आलेख, म्हणजे वाऱ्याशी कोणत्या कोनात किती वेग हे दाखवणारे आलेख, मिळतात. तत्त्वतः ही पद्धत श्रेष्ठ. तरी जुन्या, सामानाने लादलेल्या सफरी नौकेसाठी निरीक्षणाचा अंक अधिक विश्वसनीय वाटतो. मात्र तो कसलेल्या शर्यतपटूंनी, स्वच्छ तळाने आणि नव्या शिडांनी कमावलेला असतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

लांब सफरींचा पुरावा : १९६० च्या पहिल्या एकहाती अटलांटिक शर्यतीत, प्लिमथ ते न्यूयॉर्क, दोन फोकबोटी होत्या. ब्लाँडी हॅसलर यांच्या ‘जेस्टर’ला चिनी पद्धतीचे एकच शीड होते, ती ४८ दिवसांत पोचून दुसरी आली. व्हॅल हॉवेल्स यांच्या ‘एइरा’ने बर्म्युडाला थांबा घेऊन दोन महिन्यांहून अधिक काळ घेतला. नौकेचे धड एकच असून निकालांत एवढी तफावत पडली ती मार्ग, शीड आणि थांबा यांमुळे. फ्रान्सिस चिचेस्टर यांच्या सुमारे १२ मी. लांबीच्या ‘जिप्सी मॉथ ३’ला ४० दिवस लागले होते.

या विषयाचा मुंबईशी संबंध येतो तो ‘सुहेली’मुळे. सुमारे ३२ फुटांची ही सागवानी नौका १९६० च्या दशकात मुंबईत बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून १४ जून १९६८ रोजी फॅलमथहून निघाले आणि न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. जलरेषा सुमारे २८ फूट, म्हणजे मर्यादा ७ नॉट. प्रत्यक्ष सरासरी ४ नॉटच्या आसपास. मर्यादेच्या ५७ टक्के हा आकडा जड सफरी नौकेसाठी चांगलाच मानावा लागतो. ही ‘गोल्डन ग्लोब’ नावाची स्पर्धा होती; तीत निघालेल्या नऊ जणांपैकी एकट्या ‘सुहेली’ने ती पुरी केली, तिच्याहून वेगवान नौका त्यांत होत्या.

‘सुहेली’ची प्रतिकृती ‘तुरिया’ गोव्यात बांधली गेली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ३२ ते ३६ फूट लांबीच्या, १९८८ पूर्वीच्या आराखड्यांच्या व लांब कीलच्या नौकांनाच प्रवेश होता, त्यामुळे तुलनेला असा योग विरळाच. भारतीय नाविक अभिलाष टॉमी ‘तुरिया’तून तिसऱ्या क्रमांकावर असताना २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलटवली व डोलकाठी मोडली. त्या वर्षीचे पहिले दोन्ही क्रमांक रस्टलर ३६ जातीच्या नौकांना मिळाले. विजेत्याला सुमारे २१२ दिवस लागले. २०२२ च्या शर्यतीत टॉमी स्वतः रस्टलर ३६ घेऊन उतरले आणि सुमारे २३६ दिवसांत दुसरे आले.