विज्ञानकथांच्या विश्वातील पितळ : एक पार्श्वभूमी

वाफेच्या युगातील यंत्रांभोवती कल्पित जग रचणाऱ्या विज्ञानकथांच्या ज्या शाखेला आज स्टीमपंक म्हणून ओळखले जाते, तिच्यात पितळ सर्वत्र आढळते. हवाई जहाजांची सुकाणूचक्रे, दाबमापकांच्या तबकड्यांभोवतीची कडी, कृत्रिम हातांचे सांधे, विचार करणाऱ्या यंत्रांची दातेरी चाके हे सारे पितळी असते आणि वाचकाला त्यात वावगे वाटत नाही. या निवडीला अनेकदा सजावटीचा भाग समजून सोडून दिले जाते. पितळ कथांमध्ये आले ते मोजमापाची उपकरणे घडवणाऱ्या कारागिरांच्या हातून, आणि ज्या लेखकांना हा वारसा ठाऊक आहे त्यांच्या यंत्रांवर वाचकाचा विश्वास अधिक बसतो, असे माझे मत आहे. त्यासाठी आधी या धातूकडे आणि त्याच्या प्रत्यक्ष वापराकडे पाहणे आवश्यक आहे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तो बनवणे दीर्घकाळ अवघड होते, याचे कारण जस्ताच्या स्वभावात आहे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते; त्याच्या खनिजातून ते मोकळे करण्यासाठी मात्र याहूनही अधिक उष्णता लागते, त्यामुळे साध्या भट्टीत ते द्रवरूपात न मिळता वाफ होऊन निघून जाते आणि हवेशी संयोग पावून त्याची पांढरी भुकटी होते. म्हणून रोमन काळापासून तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा एकत्र बंद भांड्यात तापवून जस्ताची वाफ थेट तांब्यात मुरवली जात असे. शुद्ध जस्त पात्रात ऊर्ध्वपातन करून मिळवण्याचे तंत्र राजस्थानातील जावर येथे मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर चालत होते. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियन यांनी अशाच प्रकारच्या पद्धतीचे पेटंट १७३८ मध्ये घेतले. धातुरूपातील जस्त हाती आल्यावर मिश्रणाचे प्रमाण ठरवणे सोपे झाले आणि हव्या त्या गुणाचे पितळ मिळवण्याचा मार्ग खुला झाला.

उपकरणे घडवणाऱ्यांनी पितळच का निवडले, हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग आहे. लोखंड होकायंत्राची सुई विचलित करते, पितळ करत नाही. म्हणून जहाजावरील होकायंत्राचे घर आणि त्याच्या आसपासचे सामान पितळी ठेवले जाई. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते, पितळावर केवळ काळपटपणा येतो. ते लेथवर सहज कातले जाते, कानशीला त्रास देत नाही, आणि त्यात थोडे शिसे मिसळले तर त्याचा कीस लांब दोऱ्यासारखा न निघता बारीक तुकड्यांत सुटतो, त्यामुळे घड्याळांची चाके आणि बारीक स्क्रू बनवणे सुकर होते. पोलादी आसावर पितळी चाक फिरले की दोन्ही एकाच धातूचे असताना होणारी झीज आणि अडकणे कमी होते. घड्याळजींनी पिढ्यान्‌पिढ्या पोलादी चातीला पितळी चाक जोडले ते याचमुळे. आणि पितळावर कोरलेली बारीक रेघ स्वच्छ राहते. यंत्रराज या नावाने ज्याच्यावर महेंद्र सूरी यांनी १३७० मध्ये संस्कृत ग्रंथ लिहिला त्या आकाशातील ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या वेधयंत्राच्या (अॅस्ट्रोलेबच्या) तबकड्या, लाहोरच्या कारागीर घराण्यांनी घडवलेली पुढच्या काळातील यंत्रे, आणि नंतर युरोपातील सेक्स्टंट व थिओडोलाइट ही कोन मोजणारी उपकरणे, या सर्वांची अचूकता शेवटी पितळी वर्तुळावरच्या अंशांच्या खुणांवर अवलंबून होती. इंग्लंडमधील उपकरणकार जेसी रॅम्सडेन यांनी १७७० च्या दशकात वर्तुळाचे यांत्रिक विभाजन करणारे यंत्र तयार केले, आणि तोवर अनुभवी हातांनी आखावी लागणारी ही खूण कमी वेळात आणि विश्वासार्हपणे आखता येऊ लागली.

पितळाचा एक दोषही कामी आणला गेला, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. उष्णतेने पितळ पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते. लंबकाच्या घड्याळासाठी हे संकट आहे, कारण दांडी लांबली की घड्याळ मागे पडते. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलादी आणि पितळी दांड्या आलटून पालटून जोडून असा लंबक बनवला, की पोलाद खालच्या दिशेने जेवढे वाढते तेवढेच पितळ त्याला वर उचलते आणि लंबकाची परिणामी लांबी कायम राहते. पुढे त्यांनी याच तत्त्वावर दोन धातूंची जोडपट्टी तयार केली, जी आजही तापमान नियंत्रित करणाऱ्या अनेक साध्या उपकरणांमध्ये वापरली जाते. कल्पित विश्वात एखादा अभियंता पितळ आणि पोलाद शेजारी ठेवतो तेव्हा त्यामागे असे कारण असू शकते, हे लेखकाने जाणले तर तो तपशील आपोआप जिवंत होतो.

या उपकरणांचा सोनेरी रंगही कारागिरीचाच भाग आहे. उघडे पितळ हाताच्या घामाने लवकर डागाळते, म्हणून त्यावर लाखेचा पातळ लेप दिला जाई आणि त्यात रंगीत राळ मिसळून सोनेरी छटा आणली जाई. आज पडद्यावर किंवा चित्रांत दिसणारी उबदार झळाळी ही मुळात सूक्ष्मदर्शक आणि दुर्बिणींच्या नळ्यांवरील लाखेची आहे.

यंत्रांच्या गोष्टींशी पितळाचे नाते याहूनही जुने आहे. अरबी सुरस कथांमधील पितळी शहराच्या कथेत टेकडीवर एक पितळी घोडेस्वार उभा असतो. त्याचा हात चोळला की तो फिरून वाटसरूंना शहराची दिशा दाखवतो. हे दिशादर्शक यंत्रच आहे, फक्त त्याची यंत्रणा सांगितलेली नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी सर्रास गैरसमज आढळतो. आज ज्या काळाला पितळी कल्पनाविश्वाचा उगम मानले जाते, त्या एकोणिसाव्या शतकातील लेखकांची मोठी यंत्रे बहुधा पितळी नव्हती. ज्यूल व्हर्न यांनी १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत तोफेतून सोडायच्या गोळ्यासाठी अॅल्युमिनियम निवडले. त्या वेळी अॅल्युमिनियम महाग आणि दुर्मीळ होते. ते स्वस्त करणारी विजेची पद्धत १८८६ मध्ये आली. व्हर्न यांच्या दुसऱ्या कादंबरीतील पाणबुडीचे कवच पोलादी पत्र्याचे होते. ज्यांना भविष्याकडे पाहायचे होते त्यांनी नवे, हलके किंवा भक्कम धातू शोधले. पितळ हा त्यांच्या रोजच्या व्यवहारातला धातू होता आणि त्यात भविष्याचा वास नव्हता.

याला ठळक अपवाद एच. जी. वेल्स यांचा. १८९५ च्या कालयंत्राच्या कादंबरीच्या अखेरीस ते यंत्र पितळ, आबनूस, हस्तिदंत आणि पारभासक चमकणाऱ्या गारेचे बनलेले असल्याचे वर्णन आहे. ही निवड अर्थपूर्ण आहे. वेल्स लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे विज्ञान शिकले होते आणि जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांच्या वर्गात बसले होते. त्यांनी उल्लेखलेले साहित्य प्रयोगशाळेतील उपकरणांचे आहे: पितळी अंग, हस्तिदंती पट्ट्या, लाकडी बैठक, स्फटिकाची भिंगे. त्यांचे कालयंत्र वाहनासारखे कमी आणि काळ मोजणाऱ्या उपकरणासारखे अधिक दिसते. वाचकाला ते खरे वाटते यामागे हे एक कारण असावे, असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चकचकीत पोलाद, क्रोम आणि अॅल्युमिनियम यांनी विज्ञानकथेतून पितळ मागे सारले. प्रत्यक्ष प्रयोगशाळांतही लाख लावलेल्या सोनेरी पितळाची जागा काळ्या लेपाची आणि हलक्या धातूंची उपकरणे घेत होती. पितळ परत आले ते आठवणीच्या रूपात. १९६० मध्ये जॉर्ज पाल यांनी वेल्सच्या कादंबरीवर चित्रपट काढला आणि त्यातील कालयंत्राचे रूप पुढच्या अनेक कलाकारांच्या मनात ठसले. १९८७ मध्ये लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी विज्ञानकथांना वाहिलेल्या लोकस मासिकाला लिहिलेल्या पत्रात स्टीमपंक हे नाव सुचवले, आणि १९९० मध्ये विल्यम गिब्सन व ब्रूस स्टर्लिंग यांची एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्रांवर आधारलेली कादंबरी प्रसिद्ध झाली.

बॅबेज यांच्या यंत्रांविषयी एक तपशील इथे नोंदवण्यासारखा आहे. अनेक चित्रांमध्ये ही यंत्रे पूर्ण पितळी दाखवली जातात. परंतु लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेज यांच्या १८४७ ते १८४९ मधील आराखड्यांवरून १९९१ मध्ये, त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या वर्षी पूर्ण केलेल्या डिफरन्स यंत्र क्रमांक २ या गणिती तक्ते काढणाऱ्या यंत्राचा गणनविभाग कांसे (तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू), बीड आणि पोलाद यांचा आहे. त्यात सुमारे ४,००० भाग आहेत आणि त्याचे वजन २.६ टन आहे. कांसे आणि पितळ यांचा रंग जवळचा असल्याने पाहणाऱ्याची गल्लत होणे स्वाभाविक आहे. पण गणनयंत्राचे जग रंगवणाऱ्या लेखकाने ती करू नये. एकसारखी हजारो चाके पुरेशा अचूकतेने घडवणे हे त्या काळातले खरे आव्हान होते, आणि गोष्टीतला ताण तिथेच आहे.

आता पितळ अवकाशात नेऊ. वजनाचा अडथळा उघड आहे: पितळाची घनता अॅल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक आहे. त्याहून कमी माहीत असलेला अडथळा जस्ताचा आहे. उच्च निर्वातात तापवलेल्या पितळातून जस्त वाफेच्या रूपात बाहेर पडते आणि जवळच्या थंड भागांवर, मग ते भिंग असो वा विद्युतरोधक, त्याचा थर साचतो. म्हणूनच तापवाव्या लागणाऱ्या निर्वात कक्षांत पितळ टाळले जाते. कथेतील अवकाशयानाच्या बाहेरच्या बाजूला उन्हात तळपणारी पितळी दुर्बीण हळूहळू स्वतःचीच भिंगे धुरकट करील, हा तपशील कोणा लेखकाने वापरला तर तो मनापासून वाचावासा वाटेल.

यानाच्या आतही अमोनियापासून पितळाला धोका असतो. ब्रिटिश सैन्याने भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांची पितळी आवरणे तडकत असत. दाबून घडवलेल्या पितळात राहिलेला ताण आणि जनावरांच्या मुत्रातून निघणारा अमोनिया यांचा हा एकत्रित परिणाम असल्याचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या संशोधनातून उलगडले. घडवल्यानंतर पितळ बेताने तापवून तो ताण काढणे हा त्यावरचा उपाय ठरला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरील शीतनव्यवस्थेत अमोनियाच वाहतो. मूत्रातून पाणी परत मिळवणाऱ्या, वर्षानुवर्षे बंद राहणाऱ्या वसाहतीत ताण न काढलेली पितळी जोडणी एखाद्या दिवशी तडकू शकते, आणि त्यातून उभा राहणारा पेचप्रसंग पूर्णपणे रसायनशास्त्राच्या नियमांतून येतो.

काडतुसाचे पितळ स्वतःही विचारात घेण्यासारखे आहे. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले हे पितळ बार उडताना प्रसरण पावून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही, मग किंचित आकसून सुटते आणि बाहेर पडताना उष्णतेचा काही भाग सोबत नेते. निर्वातात बंदूक थंड करायला हवा नसते, म्हणून हा शेवटचा गुण तिथे पृथ्वीपेक्षा अधिक मोलाचा ठरेल. उलट वजनरहित कक्षात तरंगणारी गरम आवरणे यंत्रांमध्ये अडकतील, याची सोय लेखकाला करावी लागेल.

पितळाला भविष्यातही खात्रीचे स्थान मिळू शकेल अशी जागा म्हणजे अनेक हातांनी स्पर्श होणारे पृष्ठभाग. तांब्याच्या मिश्रधातूंवर जीवाणू फार काळ टिकत नाहीत, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पितळासह अशा मिश्रधातूंची जीवाणूरोधक पदार्थ म्हणून नोंदणी केली. त्यासाठी पृष्ठभाग उघडा असावा लागतो. लाखेचा लेप दिला तर हा गुण झाकला जातो. म्हणून दीर्घ प्रवासाच्या यानातील दारांच्या मुठी, कठडे आणि शिडीच्या पायऱ्या पितळी दाखवायच्या असतील तर त्या हातांच्या सततच्या स्पर्शाने तपकिरी पडलेल्या असाव्यात आणि जिथे पकड सर्वाधिक असते तिथेच घासून उजळलेल्या असाव्यात.